घरपट्टी माफ करणारा खलनायक

धानाच्या गिरणीत दोन गोष्टी रोज साचतात. कोंडा आणि किस्से. कोंडा वीटभट्टीवाले घेऊन जातात. किस्से कोणी नेत नाही. मागच्या ग्रामपंचायत निवडणुकीच्या आधी तर ते इतके साचले की गिरणीत पाय ठेवायला जागा उरली नाही!

आमचे गाव मूल आणि सिंदेवाही या दोन तालुक्यांच्या मधे, जंगलाला लागून. गावात आमचे एक पॅनल आहे. त्याची बैठक माझ्या गिरणीच्या टिनाच्या छपराखाली भरते. मी स्वतः कधी निवडणुकीला उभा राहिलो नाही, राहणारही नाही. म्हणून उमेदवार ठरवताना शेवटचा शब्द माझा.

सरपंच थेट लोकांच्या मतांनी निवडायचा होता. आमच्या पॅनलमधून दोघे तयार. एक नीलकंठ. दोन एकर धान, मोठा आवाज; दिवाळीनंतरची मंडईची जत्रा असो की बैलांच्या शर्यतीचा शंकरपट, गावच्या नाटकातला कायमचा खलनायक. दुसरी सुमनबाई, बचत गटाची अध्यक्ष. दोघेही उभे राहिले असते तर मते फुटली असती आणि समोरचे पॅनल गुलाल उधळत आले असते. त्यामुळे आधी घरातच एक नाव ठरवायचे होते.

नीलकंठाचा जीव त्या खुर्चीत अडकला होता. त्याच्या आधीच्या निवडणुकीत पॅनलने दुसऱ्याला उभे केले, तेव्हा हा महिनाभर माझ्याशी बोलला नाही. धान सायकलवर लादून दुसऱ्या गावात भरडायला नेले. चढावर ढकलत नेले, पण माझ्या दारात आला नाही!

मी दोघांना सांगितले, "मले दोनच गोष्टी सांगा. कराचं काय करसान आन निवडून कसे येसान?"

* * *

नीलकंठ उभा राहून बोलला. गिरणी चालू असली तरी त्याचा आवाज ऐकू येतो.

"घरपट्टी अर्धी! पाणीपट्टी पूर्ण माफ!"

मी गिरणी बंद केली. "मंग नळाच्या मोटरचं बिल कोन भरन?"

"बाहेरचे भरतीन, भाऊ. गावच्यायले सूट, बाहेरच्यायवर कर!"

सगळ्यात मोठी टाळी पांडुरंगाने वाजवली. हा कपडे शिवतो आणि गावच्या नाट्यमंडळाचा कारभार पाहतो. म्हणाला, "याले म्हन्तेत डोकं! लावा बाहेरच्यायले. लय लुटून राह्यले आपल्याले."

"बाहेरचं हाय कोन गावात?" मी विचारले.

"रोडवरचे ट्रक," नीलकंठ म्हणाला.

"रोड सरकारचा. तू कर घेशीन तं सरकार तुले घेऊन जाईन."

 नीलकंठ हात वर करून गरजला, "मंग मोबाईलचा टॉवर! कंपनीवर दुप्पट कर!"

या वेळी टाळी वाजली नाही. पांडुरंग उभा राहिला होता.

"टॉवर बाहेरचा कुठी हाय? माह्या वावरात हाय तो! कंपनीनं उपटून नेला तं भाडं तू देशीन काय?"

"पांडुभाऊ, आत्ताच तं टाळी वाजवली तुमी!"

"ते टॉवर आठवाच्या आधी!"

* * *

सुमनबाई बसूनच बोलली.

"माफ काईच नाई. अर्धी बी नाई. सगळ्यायनं घरपट्टी पूर्ण भराची. जो वेळेवर भरन, त्याच्या घरचं दळण वर्षभर फुकट."

पुरुष हसले. मागे बसलेल्या बायका हसल्या नाहीत. त्या एकमेकींकडे पाहत होत्या.

"दळण कोनत्या चक्कीवर?" मी विचारले.

गावात चक्की एकच. धानाच्या गिरणीला लागून. माझी.

"तुमच्याच, भाऊ."

"मले विचारलं काय?"

"आता विचारूनच राह्यली ना. पंचायत तुमाले पैसे देईन."

"पंचायतीनं आजवर कोनाले वेळेवर पैसे देल्ले?"

"लोकायनं भरलेच नाई तं पंचायत देईन कुठून? म्हनून तं म्हन्ते, पूर्ण भरा."

माझ्या गिरणीत, माझ्याच बाकावर बसून, माझ्याच चक्कीवर योजना काढणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली!  मी गिरणी चालू केली. आवाजात उत्तर द्यावे लागत नाही.

पण दुसरा प्रश्न राहिलाच. 'पूर्ण भरा' म्हणणाऱ्या उमेदवाराला मत कोण देणार?

* * *

नीलकंठ निवडून येईल का ते पाहायला मी त्याला घेऊन एक मोहल्ला फिरलो. पहिलेच घर तुळसाबाईचे. म्हातारी अंगणात सूप घेऊन बसली होती. नीलकंठाला पाहताच उठली, आत गेली आणि दार लावले.

"आजी, मी नीलकंठ! मताचं इचाराले आलो."

आतून आवाज आला. "तुले मत? मागच्या मंडईत आपल्या मायले घराबाहेर काढलं तू! पावसात! ते बिचारी पाया पडत होती."

"आजी, ते नाटक होतं."

"नाटक होतं म्हनून इथूनच बोलून राह्यली. खरं असतं तं सूप घेऊन बाहेर आली असती!"

पुढच्या घरी एका सुनेने चहा दिला. म्हणाली, "भाऊजी, तुमी घरपट्टी माफ करसान, पटते. पन घर आपल्या नावावर तं नाई करून घेसान ना? नाटकात तसंच करता तुमी."

नीलकंठाने पुढच्या घरांना जायचे नाव घेतले नाही.

* * *

मग जंगलाकडच्या टोलीवर, म्हणजे लहान वस्तीवर, दोघांची सभा घेतली. वीस घरे. तिथे दिवस बुडायच्या आत सगळे उरकावे लागते.

नीलकंठ समजावत होता, "घर लहान तं पट्टी लहान. गोठ्याची पट्टी येगळी नाई."

वारलू नावाचा बकऱ्यावाला उठला. "गोठ्याचं सांगा. माह्या गोठ्यात वाघ येऊन बसून राह्यला. मी घरात, बकऱ्या घरात, बायको बकऱ्यायवर तापलेली. गोठा वापरते वाघ. मंग पट्टी कोनाच्या नावानं?"

"वाघ फॉरेस्टचा," नीलकंठ म्हणाला.

"मंग बिल फॉरेस्टले पाठवा!"

सुमनबाई म्हणाली, "पाठवू. पन घराची पट्टी पहिले तू भर. का घरात बी फॉरेस्टच राह्यते?"

लोक हसले. वारलूने मात्र झाडांकडे पाहिले आणि चप्पल पायात घातली.

"चालतो मी. भाडेकऱ्याची येयाची येळ झाली."

दोन मिनिटांत मैदान रिकामे! इतक्या लवकर सभा आटोपलेला पुढारी मी पाहिला नाही. आणि सगळ्यांच्या पुढे पळणारा पुढारीही त्याच दिवशी पाहिला.

* * *

पॅनलमध्ये विचार झाला. खलनायक म्हणून बायका मत देत नाहीत, तर दिवाळीनंतरच्या मंडईत नीलकंठाला चांगल्या माणसाचे काम द्यायचे. मंडईच्या नाटकाला सगळे गाव असते, वर लेकी-जावई पाहुणे. यापेक्षा चांगला प्रचार कोणता?

पांडुरंगाने त्याला मालगुजाराचे, म्हणजे जुन्या काळच्या जमीनदाराचे काम दिले. सज्जन मालगुजार. दुष्काळ पडतो, रयत रडत येते, मालगुजार सगळ्यांचा सारा माफ करतो. पांडुरंग म्हणाला, "बायका डोये पुसत घरी जातीन आन मत टाकूनच येतीन!"

नीलकंठाने पाठांतर चोख केले. पांढरा फेटा, पांढरे धोतर. तुळसाबाई पहिल्या रांगेत. शेतकरी झालेली पोरे स्टेजवर गुडघे टेकून बसली. नीलकंठाने दोन्ही हात पसरले.

"जा! तुमचा सगळा सारा मी माफ केला!"

मांडव शांत झाला. कोणीतरी नाक ओढले. इथे थांबायचे होते, पडदा पडायचा होता.

पण इतक्या वर्षांची सवय. वाक्य संपले की हसायचे. आणि त्याला हसणे एकच येते.

"हा हा हा हा हा!"

स्टेजवरची पोरे घाबरून मागे सरकली. एक तर उठून आत पळाला! तुळसाबाईने शेजारणीला विचारले, "आता काय करते वं हा या गरिबायले?"

दुसऱ्या दिवशी माझ्या चक्कीवर बायकांची एकच चर्चा.

"घरपट्टी माफ म्हन्ते. पन माफ करताना हासला कसा, पाह्यलं ना?"

* * *

फॉर्म भरायचे दिवस आले. पॅनलमध्ये आता मतदानच घ्यायचे ठरले, तेही गुप्त. मी एक मडके ठेवले. नीलकंठ पाहिजे असेल त्याने धानाचा दाणा टाकायचा, सुमनबाई पाहिजे असेल त्याने तुरीचा. दोघांना बाहेर उभे केले. सात मेंबर एकामागून एक आत जाऊन आले. सगळ्यांचे चेहरे गंभीर, जसे मुंबईचे सरकार बनवून आले!

मी मडके सुपात उलटे केले. सात धानाचे दाणे. सात तुरीचे.

मी सगळ्यांकडे पाहिले. सगळे टिनाकडे पाहत होते.

"दोन्ही दाने कोन टाकले?"

 शेवटी पांडुरंग म्हणाला, "भाऊ, मी टाकले. दोघंही आपलेच. कोनाले नाराज करावं?"

"मी बी," दुसरा म्हणाला.

"मी बी," तिसरा.

सातही जणांना वाटले होते, हुशारी आपल्या एकट्यालाच सुचली!

* * *

मग निकाल माझ्यावर आला. मी दोघांना मनात तोलले. कराचे गणित सुमनबाईचे बरोबर होते. नीलकंठाचे गणित टॉवरसारखे, हवेत उभे. पण निवडणूक जिंकायची होती. बायका नीलकंठाला घाबरत असतील, ओळखतात तरी. टोल्यांतली पोरेसुद्धा त्याचे हसणे करून दाखवतात. सुमनबाईला तिच्या गटाबाहेर कोण ओळखतो? आणि 'पूर्ण भरा' हे ऐकायला कोण थांबतो?

मी सांगितले, "नीलकंठ."

सुमनबाईने मान हलवली. "ठीक हाय, भाऊ. हारले तं मंग मले सांगजा." एवढे बोलून ती दळण घेऊन गेली.

नीलकंठ माझ्या पाया पडला. धावत जाऊन पेढे आणले.  मेंबरांना दिले, मला दिला, स्वतः घ्यायला एक उचलला. तेवढ्यात पांडुरंगाने गळ्यातला टेप काढला आणि त्याची छाती मोजू लागला.

"जाकीट शिवतो तुले. शंकरपटाच्या नाटकाचं उद्घाटन आता तूच करशीन. सोफ्यावर बसाचं, शाल-नारळ घ्याचं, भाषन द्याचं."

"मंग मेकप कवा करू?"

"मेकप कायचा? सरपंच सोफ्यावर बसते, स्टेजवर काम नाई करत. आजवर कोन्या सरपंचानं तोंड रंगवलं?"

नीलकंठाच्या हातातला पेढा हातातच राहिला.

"पाच वर्सं?"

"पाच वर्सं. लय मान असते, लेका!"

 पेढा कागदावर ठेवून तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरणीला तेल देत होतो. नीलकंठ येऊन उभा राहिला. डोळे लाल.

मी म्हणालो, "तयार हो. फॉर्म भराले मूलले जाचं हाय."

"भाऊ, सुमनबाईले घेऊन जा."

मी तेलाचा डबा खाली ठेवला. "मागच्या टायमाले तिकीट नाई भेटलं तं महिनाभर तोंड नाई दाखवलं तू. आता हातात देल्लं तं वापस करून राह्यला? काऊन?"

त्याने मागे वळून पाहिले. टिनाखाली कोणी नव्हते. तो जवळ आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्याला हळू आवाजात बोलताना ऐकले.

"शंकरपटाचं नाटक आलं, भाऊ. माह्या हातून तीन खून हायेत!"