मैनाची फुलं

चौक गावच्या नाक्यावर येसूबाईची झेंडूची माळ घेतल्याशिवाय घाटाकडं जाणारा ट्रकवाला विरळाच. बांधावरची फुलं पहाटे तोडायची, दाट ओवायची आणि माळ गाडीच्या तोंडाला स्वतःच्या हातानं बांधायची, अशी तिची रीत. गावात तिला मान होता तो या माळांमुळे.

नव्वद सालानंतर तिच्या धाकट्या दिराचं, गजाचं लग्न झालं आणि मैना घरात आली. त्याच सुमारास मुंबईचे गाडीवाले विकतचं पाणी पिऊन प्लॅस्टिकच्या बाटल्या धाब्यावर टाकून जाऊ लागले. मैना त्या गोळा करून आणायची, धुवायची, कात्रीनं पट्ट्या कापायची आणि गरम पाण्यात धरून त्यांच्या पाकळ्या वळवायची. गजा गॅरेजात कामाला. तिथला उरलेला पिवळा-तांबडा रंग त्यांना लागायचा. त्या फुलांचं तिनं दारावर बांधलेलं तोरण बघून एका ड्रायव्हरनं तसलीच माळ मागितली. मग दुसऱ्यानं. ती माळ पावसात कुजत नव्हती की उन्हात सुकत नव्हती.

येसूबाईच्या पाटीत संध्याकाळी फुलं उरू लागली. तेवढं तिनं सोसलंही असतं. पण एकदा जेवताना तिचा नवरा नागू बोलून गेला, "मैनाच्या हाताला गुण हाय." येसूबाईनं हातातला घास ताटात परत ठेवला. तिच्या माळेविषयी तो असं कधीच बोलला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी ती धाबेवाल्या पदूकडं गेली. "बाटल्या आता माझ्याकडंच देत जा. मैनाला येळ नाय." पोती आणून तिनं गोठ्याच्या माळ्यावर पेंढ्यामागं लपवली.

मैनाला ते कळलंच. पण ती भांडली नाही. "बाय, शिकायचं व्हतं तं सांगायचं ना. बसा, मी दावते."

भांडली असती तर येसूबाईला बरं वाटलं असतं. "तुझी विद्या तुझ्यापाशी ठेव गं," ती म्हणाली आणि परसात वेगळी चूल मांडून बसली. उकळत्या पाण्यात पट्ट्यांचे नुसते वेडेवाकडे गोळे झाले, बोटं पोळली. शेवटी स्वयंपाकघराच्या दाराआड उभं राहून तिनं मैनाचे हात पाहिले. मैना पाणी उकळू देत नव्हती. वाफ धरली की पातेलं उतरवायची. एवढंच होतं.

मग येसूबाईच्या माळा अशा उतरल्या की त्यांच्यापुढं मैनाच्या विरळ दिसाव्यात. ओवणारा हात जुना होता. तरी गिऱ्हाईक यायचं आणि विचारायचं, "मैनाची फुलं हायत का?"

पुढं गजाला रसायनीच्या कारखान्यात नोकरी लागली. निघताना मैनानं आपली कात्री पुढं केली. येसूबाईनं ती घेतली नाही. दोघं गेली तेव्हा तिला वाटलं, सुटले एकदाची.

थोड्याच दिवसांत एक ओळखीचा ड्रायव्हर उतरला. "मावशी, मैनाची माळ द्या."

"मैना गेली. ही येसूची फुलं हायत. मी केलेली."

"असतील की," तो हसला. "पर आमी मैनाचीच म्हनतो."

देऊच नये, असं तिच्या मनात आलं. मग उठून तिनं माळ गाडीला बांधली. गाठ अशी आवळली की दोरा बोटात रुतला. गाडी घाटाकडं निघून गेली.

धंदा तिनं पुढं पुष्कळ वर्षं केला आणि तो चांगला चालला. फुलांचं नाव मात्र बदललं नाही. मैना सणाला घरी आली की येसूबाई आपली पाटी फडक्यानं झाकून ठेवायची.