पाडव्याला न दाबलेलं बटण

तुम्ही फोनवर हसता, की आजी खेळात कोठार अर्धं भरलेलं असतानाच सैन्य कमी करते. त्याचं कारण एकदा लिहून ठेवते.

हा खेळ तुमच्या बाबांनी यवतमाळच्या घरातल्या संगणकात घालून दिला, तेव्हा तुम्ही फार लहान होता. इथे कापसाची वाईट वर्षं चालू होती. माझे धाकटे दीर दारव्ह्याजवळ शेती करत. शहरात काही काम निघालं की आमच्याकडे येऊन खेळायला बसत. पडद्यावरचं इंग्रजी मी वाचून सांगायची. प्रत्येक शिपाई दर डावाला धान्य खातो. कोठार रिकामं झालं की उपासमार. मात्र डाव संपवण्याचं बटण आपण दाबेपर्यंत तिथला काळ जागचा हलत नाही.

दीर सैन्य वाढवत जायचे आणि एकालाही काढायचे नाहीत.

"भाऊजी, भालेवाले निम्मे करा. पुढच्या डावाला धान्य पुरत नाही."

"वैनी, तुमी मास्तरीन. हजेरीतून नाव कापाची सवय हाय तुमाले. मले नाही जमत."

"मग उपाशी मरतील."

"मी बटनच दाबत नाही ना! तोवर कोन मरते?"

मग ते नकाशाकडे बघत बसायचे. लोडशेडिंगची वेळ झाली की पडदा काळा व्हायचा.

त्यांच्याकडे एक सालदार होता, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. मिसरूड फुटायच्या वयात आला, तो तिथेच राहिला. ही बोली पाडव्याला ठरते. त्या दिवशी गावातली घरं आपापले गडी ठरवून टाकतात. जो सुटला, त्याचं वर्ष रोजमजुरी शोधण्यात जातं. लागोपाठ दोन हंगाम बुडाले होते, एक बैलजोडी विकून झाली होती. गडी ठेवणं शक्य नाही, हे दिरांना पक्कं कळलं होतं.

पाडव्याला मी गुढी उभारत होते, तोच दीर दारात.

"त्याला सांगितलंत का?"

"सांगतो," म्हणाले आणि संगणकापुढे बसले.

दुपारी जाऊबाईंचा फोन आला. सालदार सकाळपासून ओसरीवर बसून होता. दोन घरांनी बोलावलं, पण मालक आल्याशिवाय कसा जाऊ, म्हणत होता.

"भाऊजी, नाही तर नाही म्हणा, पण आज म्हणा. फोनवर सांगा."

"इतक्या वर्षांच्या मान्साले फोनवर सांगू?"

"मग जीप पकडा."

"एवढा डाव होऊ द्या."

बटण त्यांनी दाबलंच नाही. संध्याकाळी वीज गेली, तरी ते तिथेच बसून होते. ताटातलं पुरण तसंच वाळलं.

दुसऱ्या दिवशी ते गावी पोचले, तेव्हा त्या दोन्ही घरांत दुसरे गडी लागले होते. दिरांनी हात जोडले.

"कालच सांगतलं असतं, मालक," एवढंच सालदार बोलला.

तो बायकोमुलांना घेऊन परजिल्ह्यातल्या वीटभट्टीवर गेला. पोरीची शाळा सुटली. वर्षाने परतला, तेव्हा खोकल्यामुळे त्याच्याच्याने शेतात बैलांमागे वखर धरवत नव्हतं.

दीर पुन्हा संगणकाजवळ बसले नाहीत. खेळत राहिले ती मीच. कोठारात धान्य असतानाच मी शिपायांना निरोप देते. दुसऱ्या दारी वेळेवर पोचतील, असं मनात धरते. खेळात तसं दुसरं दार नाही, हे मला माहीत आहे.