तिसऱ्यांदा विचारल्यावर

इथे परदेशात, आमच्या ओंगार या वस्तीमागच्या कालव्याकाठी ब्लॅकबेरी पिकल्या आहेत. आज सकाळी तिथून चालताना तो आंबटगोड वास आला आणि मला सासूबाईंचा जांभळ्या डागांचा पदर आठवला, आणि त्याच्या जोडीला शेजारच्या म्हातारीची काठी. करवंदाच्या जाळीत घालावा तसा सासूबाई त्या काट्यांत बेधडक हात घालायच्या. शेजारीण काठीने वरची फांदी वाकवून धरायची. एकीला इंग्रजी येत नव्हतं, दुसरीला मराठी. गप्पा मात्र अखंड चालायच्या.

शेजारणीची नि माझी ओळख फजितीने झाली. आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा ती भेटायला आली. चहा घेणार का विचारलं, तर म्हणाली, नको, मी ग्रँड आहे. इथे ठीक चाललेल्या सगळ्यालाच ग्रँड म्हणतात. गोरी माणसं बोलतात तेच त्यांच्या मनात असतं, ही माझी पुण्याहून आणलेली समजूत. मी खरंच चहा टाकला नाही. बिचारी कोरड्या घशाने बसून राहिली. पुढे ओळख मुरल्यावर तिने मला फैलावर घेतलं: पहिलं ‘नको’ ही नुसती रीत असते, निदान तीनदा विचारायचं. हे मला सांगावं लागावं? आमच्याकडे तिसऱ्या आग्रहाशिवाय पाहुणा पोह्यांच्या बशीला हात लावत नाही.

सासूबाई साताऱ्याकडच्या. नऊवारीवर मुलाचं जॅकेट चढवून रोज संध्याकाळी कालव्यावर निघायच्या. पण त्या आमच्याकडे राहायला आल्या त्या उन्हाळ्यात इथली हवा बिघडली होती. कामावरून परतणाऱ्या आपल्या माणसांना रस्त्यात गाठून मारल्याच्या बातम्या येत होत्या. इथल्या मराठी मंडळींच्या फोनवरच्या ग्रुपवर सूचनांना ऊत आला: बसमध्ये मराठी मोठ्याने बोलू नका, एकटे हिंडू नका. मार खाणाऱ्यानेच शहाणं व्हायचं, हा न्याय मला अजून पचलेला नाही. अशाच एका संध्याकाळी एक गाडी आमच्याजवळ मंदावली, काच खाली झाली, ‘तुमच्या देशात परत जा’ असं कुणीतरी ओरडलं आणि सासूबाईंच्या खांद्यावर अंडं फुटलं. आम्ही तक्रार दिली. गाडीचा नंबर काही मला टिपता आला नव्हता.

घरी येऊन त्यांनी लुगडं स्वतःच्या हाताने धुतलं. मग हळूच विचारलं, “माझ्या लुगड्यामुळं झालं का गं?”

संतापाने मला रडू आलं. त्यानंतर त्या दाराबाहेर पडेनात. परतीचं तिकीट अलीकडचं बघा, म्हणू लागल्या.

शेजारणीच्या कानावर गेलंच. दुसऱ्या दिवशी ती काठी घेऊन दारात हजर, फिरायला चला म्हणाली. सासूबाईंनी हाताने नको म्हटलं. मीही भिडेपोटी म्हणाले, कशाला त्रास, आम्ही ग्रँड आहोत. ती हसून गेली आणि पुढच्या दिवशी पुन्हा आली. पुन्हा नको. तिसऱ्या दिवशी भुरभुर पाऊस होता. आत ये म्हटलं तरी येईना, भिजत उभी राहिली.

सासूबाई खिडकीतून बघत होत्या. “म्हातारं माणूस दारात भिजतंय,” त्या पुटपुटल्या. “आन् मी काय चोरी केलीया, लपून बसायला?” नऊवारीवर जॅकेट चढलं. दोघी हातात हात घालून गेल्या.

रस्त्यावरून चालायला माणसाला सोबत लागावी हे मुळातच चूक आहे, आणि शेजारणीच्या प्रेमामुळे ती चूक पुसली जात नाही. तरी त्या संध्याकाळी मला ती फार फार आवडली. सासूबाईंनी पुन्हा तिकिटाचं नाव काढलं नाही.

आता त्या गावी असतात. म्हातारी गेल्या हिवाळ्यात वारली. तिच्या घरात आता सुदानहून आलेली नर्स राहते, डोक्याला रुमाल बांधणारी. बसस्टॉपवर कुणीतरी तो ओढला, तेव्हापासून ती कामाशिवाय बाहेर पडत नाही. काल मी तिची बेल वाजवली, कालव्यावर येतेस का विचारलं. नको, मी ग्रँड आहे, ती म्हणाली. शब्द इथे येऊन उचललेला. दार मात्र तिने जेमतेम उघडलं होतं.

संध्याकाळ झाली आहे, मी बूट घालते आहे. आजही नको म्हणेल. म्हणू दे. तिसरा दिवस उद्या आहे.