पेरणीआधी दिलेलं पीक

बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण आमच्या न्यूझीलंडमधल्या लोअर हट गावच्या घरात दर रविवारी दुपारी खरी होते. अमेरिकेतले रात्रीचे बास्केटबॉल सामने इथे तेव्हा लागतात.

ऑफिसातल्या आम्हा सहा जणांची लीग आहे. तिकडच्या खऱ्या खेळाडूंतून प्रत्येकाने कागदावर आपला संघ करायचा. ते खेळतील तसे आपल्याला गुण. दरवर्षी नवे खेळाडू पाळीपाळीने निवडायचे. त्या पाळीला म्हणतात पिक. पुढच्या वर्षीचं पिक देऊन आज दुसऱ्याचा खेळाडूही घेता येतो. माझ्या संघात भागीदार एकच, माझी लेक.

तीन वर्षांपूर्वी तिला न विचारता मी पुढचं पहिलं पिक शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला दिलं आणि माझा जुना लाडका खेळाडू घेतला. "स्वीट ॲज!" म्हणजे इकडच्या बोलीत 'झकास', असं तो इतक्या चटकन म्हणाला, की मी तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं. तिसऱ्या आठवड्यात माझ्या लाडक्याचा गुडघा गेला. पुढच्या वर्षी त्या पिकावर सहकाऱ्याने एक काटकुळा नवखा उचलला. लेकीने वहीत त्याच्याच नावाभोवती गोल केला होता. आज तो मैदान गाजवतोय.

मी पिक दिलं त्याच दिवशी "यू डिडन्ट ईव्हन आस्क मी," एवढंच ती म्हणाली होती आणि मग दोन रविवार खोलीबाहेर आली नव्हती. हरण्याचं मला काही नव्हतं. सोफ्यावर एकट्याने बसणं मात्र फार लागलं.

पुण्याला आईला फोनवर म्हटलं, "पुढच्या वर्षीचं पिक देऊन बसलो."

आई दचकलीच. "शेती कधी घेतलीस रे? आणि पेरणीआधीच कुणी पीक देतं का?"

फोन स्पीकरवर होता. लेक हसतच बाहेर आली नि माझ्या शेजारी बसली. तेव्हापासून घरात 'पिक'ऐवजी आजीचाच शब्द चालतो, 'पीक'.

यंदा सहकारी तोच काटकुळा मला द्यायला निघाला, अर्थात पुढच्या पहिल्या पिकाच्या बदल्यात. लेक फेब्रुवारीत शिकायला दूर ड्युनेडिनला जाणार. ती गेली की आमचे रविवार संपले, हे मी धरूनच चाललो होतो. म्हटलं, घेऊन टाकू, निदान जिंकून जाईल. पण या वेळी आधी विचारलं.

ती दाराशी जँडल्स, म्हणजे इकडच्या रबरी चपला, शोधत होती. एरवी इंग्रजीत उत्तर देणारी पोर, मान वर न करता म्हणाली, "नको, बाबा. पुढच्या वर्षीचं पीक मला पाहिजे."