झेंडू धरलेला हात

मंगळवारी सकाळी साडेनऊला, ठाण्याच्या एका इस्पितळात, माझ्या सात वर्षांच्या मुलीला सलाइनची सुई लावायची होती. तीन प्रयत्न फसले होते. सिस्टर जवळ आल्या की मुलगी हात ओढून घेई. ताप उतरत नव्हता.

तेवढ्यात वॉर्डातल्या मुलांकडून रोपं लावून घेणाऱ्या बाई ट्रे घेऊन आल्या. त्यांनी उगाच हसून दाखवलं नाही. झेंडूचं रोप मुलीच्या उजव्या तळहातावर ठेवून म्हणाल्या, "बाय, सुई दुखंल. पन तू हाललीस तर याचं मूळ तुटंल."

मुलगी रोपाकडेच बघत राहिली. डाव्या हातात सुई गेली. तिने ओठ चावला, पण उजवा हात हलला नाही.

बाईंनी ट्रेमधून दुसरं रोप उचलून माझ्यासमोर धरलं.

"दादा, आता तुमचा हात आना. तो जास्त हालतोय."