गेजअण्णांचे सात बुश

गेजअण्णा राग विसरत नसत आणि तो गंजूही देत नसत. दर वर्षी खंडेनवमीला ते त्याला तेल लावत, हळदकुंकू वाहत आणि पुन्हा खोक्यात भरून ठेवत. हे मी सजवून सांगत नाही. हुबळीच्या कमरीपेठेतल्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये त्या दिवशी देवीपुढं लेथची हत्यारं, ड्रिल, कानशी मांडलेल्या असत, आणि त्यांच्या ओळीत एक लाकडी खोकं. त्यात कागदात गुंडाळलेले चारशे पितळी बुश. पंपाच्या दांड्याभोवती बसवायच्या या छोट्या नळ्या, अण्णांनी केलेल्या आणि कारखान्यानं नापास करून परत पाठवलेल्या. त्यांची नऊ वर्षं पूजा झाली.

आमचं हार्डवेअरचं दुकान त्यांच्या समोर होतं, त्यामुळं मी त्यांना परकरात असल्यापासून पाहत आले. त्यांच्या खिशात रुमाल नसे, गेज असे. बोटभर लांबीचा पोलादी दांडा, दोन टोकांचा. बारीक टोक भोकात गेलं पाहिजे, जाड टोक जाता कामा नये. एवढं जमलं की भोक बरोबर. माझ्या लग्नात त्यांनी नवऱ्याच्या अंगठीत गेज घालून बघितला आणि भर मांडवात सांगितलं, सैल आहे. सगळे हसले. ती अंगठी वर्षाच्या आत केलगेरीच्या तळ्यात पडली. नवरा अजून तो विषय टाळतो.

एकच वाक्य ते सगळ्यांना ऐकवत: "आधी गेज मोज, मग माल मोज." गेजही वापरून झिजतो, आणि झिजलेल्या गेजनं चांगला माल वाईट ठरतो, हे त्यांचं म्हणणं. म्हणून दर सोमवारी लेथ सुरू करण्याआधी ते स्वतःचा गेज मायक्रोमीटरमध्ये धरून बघत. गिऱ्हाईक ताटकळलं तरी चालेल, सोमवारचं हे काम चुकत नसे.

आता ते बुश नापास करणाऱ्या माणसाबद्दल सांगते. मोठ्या कारखान्याचा तपासणी विभाग त्याच्या हाताखाली होता, म्हणून सगळे त्याला तपासणीसाहेब म्हणत. उद्योजकांच्या एका मेळाव्यात त्यानं पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. वरची देशाच्या कारखानदारीची, खालची आपल्या राज्याची. राज्य मागं का, तर कमरीपेठेतली असली वर्कशॉपं, असं म्हणत त्यानं खिशातून अण्णांचा बुश काढला. बुशवर अण्णांच्या नावाची अक्षरं ठोकलेली होती, ती त्यानं वाचून दाखवली. मग स्वतःच्या गेजचं जाड टोक त्यात पिळून घातलं. ते गेलं.

अण्णा तिसऱ्या रांगेत होते. माझ्या वडिलांच्या शेजारीच, म्हणून हे मला नीट माहीत आहे. ते उठले आणि म्हणाले, साहेब, तुमच्या गेजची कड चकाकतेय, तो झिजलाय, एकदा मोजून बघू. त्यावर तो माईकमधून बोलला, "गेज मोजायचा नसतो मिस्त्री, गेजनं मोजायचं असतं." सभागृह हसलं. मिस्त्री म्हणाला तो त्यांना, अकरा लेथच्या मालकाला. त्या दिवसापासून मला त्या माणसाचा राग आहे आणि तो जावा अशी माझी मुळीच इच्छा नाही.

चारशे बुश परत आले, त्यामागोमाग बाकीची कामंही बंद झाली. नापास माल करणारा असं नाव एकदा लागलं की हुबळीपासून बेळगावपर्यंत कुणी दारात उभं करत नाही. अकराचे चार लेथ राहिले. मी तेव्हा बेंगळूरुला नोकरीला लागले होते. राज्याची कारखानदारी देशाच्या तुलनेत कशी आहे, याचे अहवाल करायचे काम. सुटीत आले तेव्हा मोठ्या हौशीनं माझा पहिला आलेख त्यांना दाखवायला नेला. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ बघितला. मला ते तंगी म्हणत, म्हणजे धाकटी बहीण.

"तंगी, ह्यात कमरीपेठ कुठं आहे?"

मी म्हटलं, अण्णा, इतकी लहान वर्कशॉपं यात धरतच नाहीत.

"मग न धरलेल्या माणसानं रेघ खाली ओढली कशी की?"

पुढं ऑफिसात माझ्या साहेबांच्या साहेबांना हेच विचारून पाहिलं, त्यांनाही उत्तर आलं नाही.

लोक त्यांना समजावत, ते खोकं भंगारात घाला, पितळ आहे, मन मोकळं होईल. अण्णा फक्त "बेड" म्हणत, नको. मन मोकळं करायची त्यांना घाई नव्हती. त्यांनी ते चारशेच्या चारशे बुश एकेक करून पुन्हा तपासले होते. त्यातले सात खरंच वाईट निघाले. ते त्यांनी लाल रंग लावलेल्या वेगळ्या डब्यात ठेवले आणि तो डबाही देवीपुढं ठेवू लागले. मी म्हटलं, हे सात कशाला जपायचे, कुणाला कळणार आहे? तेव्हा ते माझ्यावर पहिल्यांदा आणि शेवटचे चिडले.

नवव्या वर्षी, बरोबर खंडेनवमीच्या दुपारी, तपासणीसाहेब कमरीपेठेत आला. लांबून येणारा त्याचा माल अडकला होता, पंपांचं काम ठप्प झालं होतं, आणि हुबळीत त्या दिवशी एकही लेथ फिरत नव्हता. कुणीतरी त्याला खोक्याचं सांगितलं होतं. मी सुटीवर होते, दुकानाच्या पायरीवरून सगळं बघत होते. अण्णांनी त्याला खुर्ची दिली, प्रसाद दिला, आणि सांगितलं की देवीपुढं मांडलेलं आज उचलत नाहीत. उद्या दसरा, उद्या या. साहेब धारवाडपर्यंत फिरून आला आणि रात्री लॉजवर राहिला. मला त्या रात्री फार छान झोप लागली.

दसऱ्याला सकाळी निम्मी कमरीपेठ दारात जमली होती. अण्णांनी साहेबापुढं मायक्रोमीटर ठेवला.

"आधी तुमचा गेज मोजा साहेब."

त्यानं मान खाली घालून मोजला. नवा होता, बरोबर होता. मग अण्णांनी त्याला खोक्यातला प्रत्येक बुश स्वतःच्या हातानं तपासायला लावला. कुणाला मदत करू दिली नाही. तीन तास लागले. हाताला तेल, कपाळाला घाम, शर्टला कुंकू. बारीक टोक प्रत्येकात गेलं, जाड टोक एकातही नाही. शेवटी अण्णांनी लाल डबा उघडून पुढं सरकवला.

"हे सात माझ्या नावावर. बाकीचे तीनशे त्र्याण्णव तुमच्या."

माल द्यायला त्यांची एकच अट होती. हेच त्याच मेळाव्यात, त्याच माईकवरून सांगायचं. साहेबानं तसं कागदावर लिहून सही केली. अण्णांनी तो कागद माझ्याकडे ठेवायला दिला. पुढच्या पावसाळ्यात ते गेले. छातीत दुखलं तेव्हा लेथपाशीच होते, लेथ आधी बंद केला आणि मग खाली बसले, असं त्यांच्या कामगारानं सांगितलं.

मेळावा त्यानंतर दोन महिन्यांनी झाला. या खेपेला राज्याची रेघ देशाच्या वर होती. आलेख माझाच होता आणि तो समजावून सांगायला मलाच बोलावलं होतं. माझ्या आधी तपासणीसाहेब बोलला. राज्य पुढं गेलं ते त्याच्यासारख्यांच्या काटेकोर तपासणीमुळं, असं त्यानं सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. अण्णांचं नाव नाही, बुशचं नाव नाही. मेलेला माणूस विचारायला येत नाही, असा त्याचा हिशेब असावा.

मी उठले आणि पडद्यावरचा आलेख काढून टाकला. त्या जागी त्याच्या सहीचा कागद लावला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. सातसुद्धा वाचले, कारण ते गाळले असते तर अण्णा पुन्हा चिडले असते. साहेब मध्येच म्हणाला, बाई, ही ती जागा नव्हे.

"हीच ती जागा," मी म्हटलं. "तिसऱ्या रांगेतून तुम्हाला विचारलं होतं."

कुणी हसलं नाही. त्याच्या तोंडावरचं पाणी उतरताना मी पोटभर बघितलं. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची मला लाज वाटत नाही. फक्त बोलून झाल्यावर सवयीनं मी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. तिथं मोबाईल बघत बसलेला कुणी अनोळखी माणूस होता. मग माईकवर उभी असतानाच मला रडू आलं, आणि त्या साहेबानं मला पाण्याचा ग्लास पुढं केला. मी तो घेतला नाही.

लाल डबा आता माझ्याकडे आहे. अहवाल पाठवण्याआधी मी तो उघडते आणि आकडे कारखान्यांच्या ज्या फॉर्मवरून आले ते फॉर्म आधी पुन्हा तपासते. खंडेनवमीला कॉम्प्युटरशेजारी तो मांडते, सातही बुशांना तेल लावते, आणि दसरा होईपर्यंत उचलत नाही.