सुट्टीच्या दिवशीचा ताप

पुंडलिकनगरच्या दवाखान्यात लस टोचणाऱ्या सिस्टर आईपेक्षा बाळाशीच जास्त बोलतात. सुई टोचली की प्रत्येक बाळाची माफी मागतात, अगदी मनापासून. माझ्या मुलीला पहिल्या डोसनंतर ताप आला, तेव्हा सोयगावहून आलेल्या सासूबाईंनी बजावलं, "आता पुन्हा सुई नाय." मी आई असून गप्प बसले.

दुसऱ्या डोसची तारीख उलटली, तशा सिस्टर घरीच आल्या.

"खेळतं लेकरू कशाला आजारी पाडायचं?" सासूबाईंनी दारातच विचारलं.

मला वाटलं, आता सिस्टर रागावतील. त्या मात्र शांतपणे म्हणाल्या, "ताप येईल, मावशी. खोटं कशाला सांगू? पण आला तर मी येऊन बसते."

शनिवारी डोस झाला. रविवारी सकाळी मुलीचं अंग तापलं आणि सुट्टी असून सिस्टर खरंच आल्या. ओल्या फडक्यानं तिचं अंग पुसत, तिच्याशी गप्पा मारत त्या दुपारपर्यंत बसून राहिल्या. ताप उतरल्यावर सासूबाईंनी त्यांना जेवायला वाढलं.

"लेकरू आमचं, तुमाला एवढा घोर कशाचा?"

सिस्टरांचा घास हातातच राहिला. "घटसर्पानं गेलेलं लेकरू मी या हातांनी उचललंय, मावशी."

तिसऱ्या डोसच्या दिवशी मी आंघोळ करून बाहेर आले, तर पाळणा रिकामा होता. आजी नातीला घेऊन कधीच दवाखान्यात गेली होती.